तो बहिणीकडे जेवायला गेला होता

२०२२ च्या फेब्रुवारीत मी पहिल्यांदा मोयालेला, केनिया-इथियोपियाच्या सीमेवरच्या गावाला, निघालो तेव्हा नैरोबीतल्या ऑफिसात सगळ्यांचं एकच, एवढ्या लांब कशाला चाललास, तिकडे आहे काय. त्यानंतर दोन वर्षांनी त्याच मोयालेला इथियोपियाच्या बाजूने जायचा योग आला आणि अदिस अबाबाच्या हॉटेलात रिसेप्शनवरचा पोरगा माझा कार्यक्रम ऐकून जवळपास त्याच सुरात म्हणाला, मोयाले? फार लांब आहे हो ते, अगदी टोकाला. तेव्हा मी फोन काढून अंतर बघितलं. नैरोबीपासून रस्त्याने साधारण पावणेआठशे किलोमीटर आणि अदिसपासूनही साधारण तेवढंच, म्हणजे दोन राजधान्यांच्या बरोबर मधे बसलेलं गाव, आणि दोन्हीकडचे लोक त्याला टोक म्हणतात. हे तेव्हापासून डोक्यात आहे, म्हणून लिहायला बसलोय.

मी मूळचा औसा तालुक्यातला, लातूर जिल्हा. नैरोबीत येऊन आता बरीच वर्षं झाली, काम सोलर पंपांचं. बोअरमधे सबमर्सिबल सोडायची, वर पॅनेल, कंट्रोलर, टाकी, जनावरांसाठी हौद, असं सगळं. बंद पडलं की जाऊन उघडून बघायचं. मोयालेजवळच्या एका बोअरची मोटर जळाली होती आणि बसवणारा कंत्राटदार फोन उचलत नव्हता, तर ते काम आमच्याकडे आलं.

आता हा जो प्रदेश आहे, मार्साबित काउंटी, त्याचा आकार एकदा डोळ्यासमोर आणा. जवळपास ७१ हजार चौरस किलोमीटर. आपला अख्खा मराठवाडा, आठही जिल्हे धरून, ६४ हजारांच्या आसपास भरतो. म्हणजे मराठवाड्यापेक्षा मोठा एक जिल्हा आणि त्यात २०१९ च्या जनगणनेप्रमाणे माणसं साधारण ४ लाख ६० हजार. एकट्या लातूर शहरात २०११ सालीच पावणेचार लाखांच्या वर होती. तरी हा प्रदेश मोकळा वाटत नाही, कारण जिथं तिथं जनावरं आहेत नाहीतर त्यांच्या वाटा आहेत, आणि त्या वर्षी तर जनावरांची हाडं होती.

नैरोबीहून येताना इसिओलो गाव सोडलं की पुढचे पाचशे किलोमीटर थेट उत्तरेला. आज हा रस्ता इतका गुळगुळीत आहे की ड्रायव्हरला झोप येते, पण तो डांबरी झाला २०१६-१७ च्या सुमारास. त्याआधी इसिओलोच्या पुढे दगड, वाळू आणि चिखल, ट्रकांचे ताफे करून बंदूकधारी पोलिसांसोबत जायचं, दोन दोन तीन तीन दिवस, आणि गरीब माणूस जनावरांच्या ट्रकवर लोखंडी पाईपाला धरून बसून यायचा, खाली बैल वर माणसं. आमचा ड्रायव्हर पोरगा असताना तसा आलेला. त्याने हाताची बोटं आवळून दाखवली, म्हणाला रात्री झोप लागली की हात सुटतो, म्हणून आम्ही एकमेकांना गाणी म्हणायला लावायचो.

मार्साबितला मुक्काम केला, तिथं डोंगरावर चक्क धुकं आणि जंगल, आणि सकाळी खाली उतरलं की दिदा गलगालू. मैलोन् मैल काळे दगड, बाकी काही नाही. मला मात्र ते दगड ओळखीचे वाटले. ज्वालामुखीचाच काळा पाषाण तो, आपल्या दख्खनचा असतो तसा, आपल्याकडे त्याच्यावर माती साचली आणि तूर-सोयाबीन आलं, इथं दगड उघडाच राहिला. मी गाडी थांबवून एक उचलून बघितला, फेब्रुवारीच्या सकाळी दहाला हातात धरवत नव्हता.

पुढे तुर्बी लागलं. ड्रायव्हरने रेडिओ बंद केला, मी काही विचारलं नाही, त्यानेच नंतर सांगितलं. १२ जुलै २००५ ला सकाळी या गावावर हल्ला झाला, पन्नासच्या वर माणसं गेली, शाळेतली पोरंही त्यात होती. बोराना आणि गब्रा या दोन समाजांमधलं वैर. आणि हे वैर मिटवायला पुढच्या वर्षी, १० एप्रिल २००६ ला, जे विमान नेत्यांना घेऊन मार्साबितला येत होतं तेच डोंगरावर आदळलं. १४ जण गेले, त्यात मोयालेचे खासदार होते, आणि गब्रांचे मोठे नेते, एकेकाळचे परराष्ट्रमंत्री बोनाया गोदाना पण होते. समेट करायला निघालेली दोन्हीकडची माणसं एकाच विमानात संपली. मला ही गोष्ट ऐकून काही बोलताच आलं नाही, आत्ता लिहितानाही तसंच होतंय.

मोयालेत पोचलो तेव्हा संध्याकाळ. गाव उतारावर आहे, वरून दिसतं ते एकच शहर, पत्र्याची घरं, मशिदींचे मिनार, मधे एक नाला, आणि नाल्यापलीकडे तेच शहर पुढे चालू. ओळखू येतं ते एवढ्यावरूनच की पलीकडे गाड्या उजव्या बाजूने चालतात आणि अलीकडे डाव्या. आणि पलीकडे रिक्षा निळ्या. रिक्षाला तिथं रिक्षा म्हणत नाहीत, टुकटुक पण म्हणत नाहीत, बजाज म्हणतात. अख्ख्या इथियोपियात बजाज हेच नाम आहे, एक बजाज, दोन बजाज, बजाजने जा. आणि अलीकडे केनियात मोटरसायकल टॅक्सी म्हणजे बोडाबोडा, त्यात बजाजचीच बॉक्सर किती तर मोजू नका. माझा सख्खा मावसभाऊ बजाजच्या वाळूजच्या प्लँटला कामाला होता. मी त्याला सीमेच्या गेटजवळून एक व्हिडिओ पाठवला, तिकडून निळी बजाज येतेय, इकडून तीन माणसं बसलेली बॉक्सर, आणि मधे एक शेळी. त्याने तो आख्ख्या नात्यात फिरवला.

मी राहिलो ते लॉज सीमेच्या गेटपासून पाच मिनिटांवर. रात्री जेवताना लाईट गेली तर मालक दिवा लावत म्हणाला, इथियोपिया गेली. मला वाटलं काहीतरी राजकीय झालं. तर नाही, केनियातल्या मोयालेला वीज येते ती इथियोपियाकडून, तिकडची लाईन बंद पडली की इकडचं गाव अंधारात. आणि यात दुखणारी गोष्ट अशी की याच मार्साबित काउंटीत, लोयांगलानीला, तुर्काना तलावाच्या वाऱ्यावर ३६५ पवनचक्क्या उभ्या आहेत, ३१० मेगावॅटच्या, आणि त्यांची वीज चारशेहून जास्त किलोमीटर लांबीच्या लाईनने खाली नैरोबीकडे जाते. जिल्ह्याचा वारा नैरोबीला आणि जिल्ह्याच्या गावाला दिवा परदेशातून. मी या धंद्यातला माणूस आहे, ग्रिड कशी टाकतात, खर्च कसा बसतो, हे मला कळतं, तरी त्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात ते पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी बोअरवर गेलो. गावापासून तासभर कच्चा रस्ता, सीमेला समांतर. तिथं आबा भेटले. त्यांचं नाव लिहीत नाही, पण मी त्यांना आबाच म्हणायचो आणि त्यात मी काही मराठीपण केलं असं नाही, बोराना भाषेत वडिलांना, मोठ्या माणसाला अब्बा म्हणतात, आणि माझ्या तोंडून आबा गेलं तर त्यांना काहीच वेगळं वाटलं नाही. ते मला फुंडी म्हणायचे, म्हणजे मिस्त्री. डोक्याला पांढरं फडकं, हातात काठी, आणि सदऱ्याच्या खिशात दोन फोन, एकात केनियाचं सिम, दुसऱ्यात इथियोपियाचं.

पहिल्या भेटीत कामाचं काहीच बोलायचं नसतं. नगा? नगा. नगा म्हणजे शांती, क्षेम. माणसं नगा? गाईगुरं नगा? पोरंबाळं नगा? आणि समोर चारशे पावलांवर मेलेल्या गाईंचा ढीग दिसत असताना उत्तर नगाच. मला आधी ते खोटं वाटलं. नंतर चार दिवस त्यांच्याबरोबर राहिल्यावर कळालं, तो हालहवाल विचारायचा प्रश्नच नाही, ते मागणं आहे, आपण नाही का म्हणत, देव बरं करो. मग त्यांनी मला विचारलं, केनिया कसा आहे?

मी म्हणलं, आबा, हे केनियाच आहे की. ते मान हलवून म्हणाले, नाही, तिकडचं, खालचं विचारतोय.

हे फक्त त्यांचंच नाही, उत्तरेत सगळेच असं बोलतात, नैरोबीला जायचं म्हणजे केनियाला जायचं. इंग्रजांच्या काळात हा सगळा पट्टा म्हणजे नॉर्दर्न फ्रंटियर डिस्ट्रिक्ट, बंद मुलूख, परवान्याशिवाय आत येणं नाही बाहेर जाणं नाही. १९६३ ला स्वातंत्र्य आलं आणि लगेच शिफ्ता युद्ध, म्हणजे सोमालियात जायला मागणाऱ्या इथल्या बंडखोरांशी सरकारची लढाई, ते १९६७ पर्यंत, आणि त्यातले आणीबाणीचे कायदे इथं थेट १९९१ पर्यंत लागू होते. म्हणजे बाकी देश स्वतंत्र होऊन पोरांची लग्नं झाली तोवर इथला माणूस चौकीवर कागद दाखवत होता. मग तो केनिया कसा आहे असंच विचारणार.

आता मोटरचं. तिकाटणं उभं केलं, चेन पुली लावली, आणि एकेक करून पाईप वर काढायला घेतले. आजूबाजूला उंट बसलेले, गाढवांवर पिवळे जेरीकॅन बांधलेले रिकामे, बायका सावली बघून बसलेल्या. सगळे बघतायत. दुपारी तीनला मोटर वर आली आणि जळक्या वायंडिंगचा तो वास आला, ज्यांनी शेतात मोटर जाळलीय त्यांना तो वास बरोबर माहितीय. बोअरचं पाणी खाली गेल्यावर मोटर कोरडी फिरत राहिली होती. असं होऊ नये म्हणून एक सेन्सर असतो, पाणी खाली गेलं की मोटर आपोआप बंद करतो. तो सेन्सर तिथं होता. केबलला बांधून व्यवस्थित आत सोडलेला होता. फक्त वरच्या टोकाला, कंट्रोलरच्या डब्यात, त्याच्या दोन वायरी जोडल्याच नव्हत्या, टोकांवर कंपनीतून येते ती प्लास्टिकची टोपी तशीच होती. दोन स्क्रू. पाच मिनिटांचं काम कुणीतरी उद्यावर टाकलं आणि निघून गेलं.

मी ती टोपी आबांना दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, फिरवून बघितली आणि खिशात ठेवली. काही बोलले नाहीत.

मला राग अनावर झाला होता, आणि तो नुसता त्या कंत्राटदाराचा नव्हता. एप्रिल २०१६ ला आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा मी सुट्टीवर घरी होतो. आमच्या आईने टँकरच्या नंबरासाठी रात्री दोन वाजता घागरी मांडलेल्या मी बघितल्यात. त्या वर्षीसुद्धा आमच्याकडे पाऊस नव्हता एवढंच कारण नव्हतं, पाचशे फुटांचे बोअर कुणी मारले, ऊस कुणी लावला, हे आम्हाला माहिती होतं. इथंही पाऊस नव्हताच. २०२० च्या ऑक्टोबरपासून तीन हंगाम कोरडे गेले होते, बोराना भाषेत गन्ना म्हणजे मार्च ते मे चा मोठा पाऊस आणि हगाया म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरचा छोटा. त्यानंतर आणखी दोन कोरडे जायचे होते, चाळीस वर्षांतला सगळ्यात वाईट दुष्काळ ठरायचा होता, पण ते आम्हाला तेव्हा कुठं माहीत. पाऊस माणसाच्या हातात नाही हो, वायर तर होती.

नवी मोटर नैरोबीहून यायला दोन दिवस. त्या मधल्या दिवशी बारा वाजता आबा उठले आणि म्हणाले, बहिणीकडे जेवून येतो. दोन अडीच तासात परत आले, तोंडाला तुपाचा वास. मी सहज विचारलं कुठं असते बहीण, तर काठीने दाखवलं, तिकडे, गेटच्या पलीकडे. म्हणजे इथियोपियात. तिकडच्या मोयालेत दिलेली आहे. ना पासपोर्ट ना काही, बोडाबोडावर बसून गेले, जेवले, आले.

मी त्या संध्याकाळी गेटपर्यंत जाऊन उभा राहिलो. माझ्या भारतीय पासपोर्टवर इथियोपियाचा व्हिसा नव्हता. नवीन वन स्टॉप बॉर्डर पोस्ट आहे तिथं, म्हणजे दोन्ही देशांची तपासणी एकाच ठिकाणी, ९ डिसेंबर २०२० ला इथियोपियाचे पंतप्रधान अबिय अहमद आणि केनियाचे तेव्हाचे अध्यक्ष उहुरू केन्याटा दोघांनी मिळून उद्घाटन केलेली, चकचकीत इमारत, ट्रकांसाठी स्कॅनर. पण गावातली माणसं त्या इमारतीकडे बघत सुद्धा नाहीत, ती आपली नाल्यातून, पूर्वापार वाटेने. शाळेची पोरं गेली, डोक्यावर कोथिंबिरीसारखी जुडी घेतलेली बाई गेली, शेळ्या गेल्या. मी उभा.

त्या रात्री लॉजवर फोनवर जुने करार शोधत बसलो. ही रेष आखली ती ६ डिसेंबर १९०७ च्या कराराने, एकीकडे इथियोपियाचा सम्राट मेनेलिक आणि एकीकडे इंग्रज सरकार, आणि ती आखायच्या आधी कॅप्टन मॉड नावाचा अधिकारी हा मुलूख मोजून गेला होता. मला वाटलं होतं त्या करारात नुसत्या टेकड्यांची नावं असतील. पण त्यात एक कलम आहे की रेषेच्या दोन्ही बाजूच्या जमातींना पलीकडची कुरणं पूर्वीप्रमाणे वापरायचा हक्क राहील आणि विहिरींवर दोघांनाही मोकळेपणी जाता येईल. मी ते दोनदा वाचलं. ज्या माणसांनी लांब बसून रेघ मारली त्यांनाही हे कळत होतं की विहिरींवरून रेघ ओढता येणार नाही. पुढे १९७० ला दोन्ही स्वतंत्र देशांनी सीमेचा पक्का करार केला, त्याच्याही आधी १९४० च्या जुलैत इटालियन सैन्याने मोयालेचा किल्ला घेतला होता आणि पुढच्या वर्षी सोडला. एवढे मालक बदलले, पण आबांच्या बहिणीकडचं जेवण काही चुकलं नाही.

चुकलं नाही म्हणतोय पण तेही खरं नाही पूर्ण. आबांनी तिसऱ्या दिवशी सांगितलं. २०१३ च्या डिसेंबरात केनियाच्या मोयालेत दंगल पेटली, घरं जळाली, हजारो लोक पळून पलीकडे इथियोपियात गेले. आबा, बायको, चार नातवंडं, सगळे बहिणीच्या दोन खोल्यांत दोन महिने राहिले. आणि २०१८ च्या मार्चमधे पलीकडे इथियोपियाच्या सैनिकांनी चुकून गावातल्याच साध्या माणसांवर गोळ्या चालवल्या, तेव्हा तिकडून हजारो लोक इकडे केनियात आले. या वेळी बहीण आबांच्या घरी. सरकारी भाषेत पहिल्या वेळी आबा निर्वासित होते आणि दुसऱ्या वेळी बहीण. आबांच्या भाषेत त्या वर्षी आम्ही तिच्याकडे राहिलो, मग ती आमच्याकडे राहिली. हे सांगताना त्यांचा आवाज अजिबात बदलला नाही, जसं आपण सांगतो की त्या दिवाळीला आम्ही मामाकडे होतो.

चौथ्या दिवशी मोटर बसली. सेन्सरच्या दोन वायरी मी आबांच्या समोर जोडल्या, त्यांना स्क्रू ड्रायव्हर हातात देऊन शेवटचा पीळ त्यांना मारायला लावला. ऊन चढलं, कंट्रोलरवर हिरवा दिवा, आणि मग पाईपातून आधी नुसती हवा, मग लाल गढूळ, मग स्वच्छ. चव मचूळ, पण पाणी. मला वाटलं आता झुंबड उडणार. चार दिवस तहानलेली जनावरं, दोन-अडीचशे तरी असतील. पण कुणीही हललं नाही. आबा हौदाच्या काठावर उभे राहिले आणि त्यांनी एक शाळकरी वही उघडली.

त्या वहीत पाळ्या लिहिलेल्या. बोरानांमधे विहिरीवर एक माणूस असतो, अब्बा हेरेगा, पाणी कुणी कधी घ्यायचं ती मोजणी सांभाळणारा, आणि विहीर ज्या घराण्याने पहिल्यांदा खोदली त्याचा वारस म्हणजे अब्बा कोनफी. ही पदं जुन्या विहिरींची, पण लोकांनी ती या पॅनेलवाल्या बोअरला पण लावून टाकली, आणि आबा इथले हेरेगा. आधी उठू न शकणाऱ्या चार गाई, त्यांना बादलीने तोंडाशी नेऊन. मग वहीप्रमाणे एकेक कळप. मी वाकून वही बघितली, कुळाचं नाव, माणसाचं नाव, जनावरं किती, दिवस कुठला. आमच्या कंपनीच्या फॉर्मवर राष्ट्रीयत्वाचा रकाना असतो, सवयीने माझी नजर तो शोधत होती. नव्हता.

पुढचं वर्षभर मी फोनवर आबांशी बोलायचो, पावसाचं विचारायचो. ते नगा म्हणायचे. २०२३ च्या सुरवातीला दुष्काळ सरला, आणि वर्षाच्या शेवटी इतका पाऊस झाला की मार्साबितकडचे रस्ते वाहून गेले.

आणि मग २०२४ ला एका संस्थेसाठी इथियोपियाच्या बोराना भागातले पंप तपासायचं काम आलं आणि मी दुसऱ्या दाराने निघालो. व्हिसा यावेळी रीतसर होता. मधे गुजी भागात गडबड चालू होती म्हणून अर्बा मिंचपर्यंत विमान, मग कोन्सोवरून याबेलो, आणि याबेलोच्या खाली दुबलुक. दुबलुकला मी ती गोष्ट बघितली जी आबांनी फक्त हातवारे करून सांगितली होती.

‘तुला’ असं नाव आहे या विहिरींचं. बोराना भागात मिळून मुख्य नऊ आहेत म्हणतात, शेकडो वर्षं जुन्या. आपल्याकडच्या पायविहिरीला जसा उतार असतो तसा इथं जमीन कापून रुंद उतार केलाय, म्हणजे गाई चालत खाली हौदापर्यंत येतात, आणि हौदाच्या मागे खरी विहीर, काळोखी, सरळ खाली. आत आडव्या लाकडांवर एकाच्या डोक्यावर एक अशी माणसं उभी. सगळ्यात खालचा बादली भरतो आणि वर फेकतो, फेकतो म्हणजे खरंच फेकतो, वरचा झेलतो आणि त्याच हालचालीत वर देतो, आणि दुसऱ्या हाताने रिकामी खाली सोडतो. पूर्वी कातड्याच्या असायच्या, ओकोले म्हणतात, आता बऱ्याच प्लास्टिकच्या. आणि हे सगळं गाण्यावर. गाणं थांबलं तर बादली चुकणार आणि खालच्याच्या डोक्यात पडणार, म्हणून गाणं थांबवायचं नाही. मला आमच्या आज्याची आठवण आली. ते मोटेवरची गाणी म्हणायचे, मोट केव्हाच गेली होती, इंजिन आलं, मग वीज आली, पण पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या म्हणायचे. बैलांना ओळ संपली की वळायचं कळायचं असं ते सांगायचे. मी वर उभा राहून तासभर ऐकत राहिलो. शब्द कळत नव्हते. ओळ कुठं संपते ते बरोबर कळत होतं.

इथं पाणी विकत नाहीत. हे मी मुद्दाम विचारलं. खोदायला, गाळ काढायला किती जनावरं खर्ची पडली याचे हिशोब पिढ्यान् पिढ्या तोंडपाठ आहेत, पण पाण्याला पैसे नाहीत, पाळी आहे फक्त. मी बोअरवर पोट भरणारा माणूस आहे, बोअर वाईट असं मी म्हणणार नाही, त्या फेब्रुवारीत बोअर नसता तर उरलेली जनावरं पण गेली असती. पण बोअर मारणारे येतात, फोटो काढतात आणि जातात, मग तो बोअर बेवारस पडतो, आणि त्याच्याभोवती वर्षभर कळप राहून दोन-तीन किलोमीटर गवताची काडी उरत नाही. जिथं लोकांनी आपला हेरेगा नेमला तिथं तो टिकतो. आमच्या गावात बारव होती, तिचीही एक पाळी होती, कुणाची जनावरं कधी, गाळ कुणी काढायचा. ती आम्ही मोडली. मला ते गाव सोडल्यावर इतक्या वर्षांनी, बोराना देशात, त्या गाईंच्या मागे उभं राहून उमगलं आणि फार वाईट वाटलं.

मेगा मागे टाकलं आणि दुपारी मोयाले. आबांना आदल्या दिवशी फोन केला होता, उद्या सहा वाजता येतो म्हणलं, आणि मग गोंधळ नको म्हणून परत विचारलं, कुठले सहा? इथियोपियात घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, आपल्या सकाळच्या सातला एक वाजतो, दुपारी बाराला सहा. गंमत म्हणजे स्वाहिलीतही तेच, सीमेच्या दोन्ही बाजूला माणसं तेच सहा म्हणतात, फक्त सरकारी ऑफिसातल्या भिंतीवरचं घड्याळ वेगळं. आपल्याकडे पण घटिका सूर्योदयापासूनच मोजायचे की.

बारा वाजता मी गेटच्या या बाजूला उभा होतो. नाल्यापलीकडे, वर चढावर, मला ते लॉज दिसत होतं, निळं दार, वर पाण्याची काळी टाकी. दोन वर्षांपूर्वी मी तिथून इकडे बघत होतो. आबा नाल्यातून आले, काठी टेकत, जरा थकलेले. नगा? नगा. माणसं नगा, गुरं नगा, माझी आई पण नगा, हे त्यांनी आठवणीने विचारलं. मग म्हणाले चल, जेवायला.

बहिणीचं घर गेटपासून चालत पंधरा मिनिटांवर, बजाजच्या स्टँडच्या मागे. कुडाच्या भिंती, वर पत्रा, दाराशी धुरी दिलेलं दुधाचं भांडं उपडं ठेवलेलं. तिने बुना केला, बोराना पद्धतीचा, कॉफीची फळं अख्खी तुपात तळून, मग त्यात दूध. ते आधी मोठ्या माणसाच्या हातात देतात, तो आशीर्वाद म्हणतो आणि थोडं तूप कपाळाला लावतो. आबांनी म्हणलं, मला शब्द कळाले ते दोनच, नगा आणि पाऊस.

आबांनी खिशातून काहीतरी काढून बहिणीला दाखवलं. ती प्लास्टिकची टोपी. दोन वर्षं खिशात. बहिणीने ती बघितली, माझ्याकडे बघितलं आणि भावाला काहीतरी विचारलं, आबांनी स्वाहिलीत मला सांगितलं, ती विचारतेय मोटर बसवणारा तो हाच का.

मी हो म्हणलं. तर ती म्हणाली, सकाळी पाणी फार उशिरा चालू होतं. मी सांगितलं, आई, ऊन चढल्याशिवाय ती मोटर उचलत नाही, नऊच्या आत काही होणार नाही. तिने मनात काहीतरी मोजलं, मग दाराकडे तोंड करून पोराला हाक मारली आणि सांगितलं की उद्या आपली पाळी आहे, शेळ्या तीन वाजता सोड.